धंदा आधीपासूनच होता

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील रॉक अँड रोलवरचा लेख वाचला. १९५८ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली सैन्यात भरती झाला, पुढच्याच फेब्रुवारीत गायक बडी हॉली विमान अपघातात गेला आणि रान मोकळं मिळताच कंपन्यांनी साच्यातली गाणी पाडायला सुरुवात केली, असा लेखाचा सूर आहे. घटनाक्रम बरोबर आहे. पण त्याआधी सगळं सोवळ्यात चाललं होतं, हे काही पटत नाही.

लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचं 'टुटी फ्रूटी' गाजू लागताच पॅट बून या गोऱ्यागोमट्या, सोज्वळ गायकाने तेच गायलं आणि १९५६ मध्ये अमेरिकेच्या पॉप यादीत ते मूळ गाण्याच्याही वर चढलं. गायक-गीतकार चक बेरीच्या 'मेबेलीन'ची तर कमालच! १९५५ च्या या गाण्याच्या श्रेयात रेडिओवर गाणी लावणाऱ्या डीजे ॲलन फ्रीडचंही नाव लागलं. रचनेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता; गाणं रेडिओवर वाजत राहावं, यासाठीचा तो नजराणा होता. पुढे पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या प्रकरणात हाच फ्रीड आयुष्यातून उठला. खुद्द एल्व्हिसचा करारही सन या रेकॉर्ड कंपनीने १९५५ मध्येच आरसीए या मोठ्या कंपनीला ३५ हजार डॉलरला विकून टाकला होता.

नंतरच्या काळात फॅबियनसारखी मुलं आली, हे खरंच. फिलाडेल्फियात घराच्या पायरीवर बसलेला हा देखणा पोरगा बॉब मार्कुची या निर्मात्याच्या नजरेत भरला. गळ्याचं काय ते नंतर बघू! त्या गाण्यांची तरफदारी मी करणार नाही.

पण साचा म्हणून बोट दाखवायचं तर न्यूयॉर्कच्या १६५०, ब्रॉडवे या इमारतीकडेही बघावं लागेल. तिथे ऑल्डन म्युझिक या गीत-प्रकाशन कंपनीच्या खुराड्याएवढ्या खोल्यांत एकेक पियानो असे आणि शेजारची चाल भिंतीतून ऐकू येई. अशा ठिकाणी नेमून दिलेलं काम म्हणून गाणी लिहिणाऱ्यांत कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन हे नवरा-बायको होते. 'विल यू लव्ह मी टुमॉरो' लिहिलं तेव्हा तिचं वय अवघं अठरा. न्यू जर्सीच्या शिरेल्स या चार कृष्णवर्णीय मुलींनी ते गायलं आणि १९६१ च्या सुरुवातीला ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. आजची रात्र गोड आहे, उद्याचं काय, असं विचारणारी त्यातली मुलगी लेखकमहाशयांना साच्यातली वाटते का?

डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा तर लेखात उल्लेखच नाही. तिचा संस्थापक बेरी गॉर्डी आधी मोटारींच्या कारखान्यात कामाला होता. त्याच धर्तीवर त्याने गाण्यांचा कारखाना काढला. कोणतं गाणं बाजारात जायचं, हे ठरवायला बैठका बसत. स्मोकी रॉबिन्सन, मार्व्हिन गे, सुप्रीम्स यांची गाणी याच चाळणीतून बाहेर पडली. लेखमालेच्या पुढच्या भागात त्यांची दखल घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली