केमोच्या आधीचे बारा दिवस

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

"सोमवारी केमो ठरली होती, मग मध्येच हे स्त्रीबीजे गोठवून ठेवायचे काय काढलेस?" असे बाबांनी रविवारी फोनवर विचारले आणि आई तर काहीच बोलली नाही, तेव्हापासून जिवाला चैन नाही. तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, माझ्या केमोत सायक्लोफॉस्फामाइड नावाचे औषध आहे. ते स्तनातल्या गाठीवर काम करते, पण अंडाशयातील स्त्रीबीजांचा साठाही कमी करते आणि हा साठा बाईला जन्मतःच मिळालेला असतो. तो पुन्हा भरून येत नाही. पुढे पाळी परत आली, तरी त्यातले किती उरले असेल हे आज कोणीच सांगू शकत नाही. जिथे निदान झाले तिथे एकाही डॉक्टरांनी हा विषय काढला नाही, याचा मला अजून राग येतो. केमोची तारीख लिहून घेणाऱ्या नर्सताईंनी हळूच विचारले, "पुढे मूल हवे आहे का तुम्हाला?", तेव्हा कुठे मला कळले.

तुमची भीती उशीर होण्याची आहे. हल्ली पाळीची वाट न पाहता कोणत्याही दिवशी बीजे वाढवणारी इंजेक्शने सुरू करता येतात, आणि या दहा-बारा दिवसांत माझा टू-डी एको, पेट स्कॅन आणि औषधासाठी छातीत पोर्ट बसवणे ही कामे व्हायचीच होती. कॅन्सरच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावरच मी पुढे पाऊल टाकले. माझी गाठ संप्रेरकांवर वाढणारी असल्याने, इंजेक्शनांमुळे इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक फार चढू नये म्हणून रोज लेट्रोझोलची गोळीही घेते.

इंजेक्शने फ्रिजमध्ये, आईने दिलेल्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी आहेत. रात्री आठला पोटाची कातडी चिमटीत धरून मी स्वतःच टोचून घेते. पहिल्या दिवशी हात इतका थरथरला, की चिंचोक्याएवढा काळानिळा डाग पडला. आता सवय झाली आहे.

आई, "लग्नाआधी हे कशाला" हे तू बोलली नाहीस, पण मला ऐकू आले. २०२१ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरील अविवाहित स्त्रीलाही हे करता येते आणि बीजे दहा वर्षे ठेवता येतात. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर राहतील. त्यांतून मूल होईलच अशी हमी कोणी देत नाही, मीही धरून चाललेले नाही. पण केमोनंतर आजार उलटू नये म्हणून पाच वर्षे टॅमॉक्सिफेनची गोळी घ्यायची आहे, ती चालू असताना मूल होऊ देता येत नाही, आणि आजची तीस वर्षांची मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेली असेन. बीजे मात्र तिशीतलीच राहतील. अशी गोळी दीड ते अडीच वर्षांनी काही काळ थांबवून गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या ५१६ स्त्रियांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या काही वर्षांत तरी आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. मला तेवढी आशा जपून ठेवायची आहे. आधी बरे व्हायचे आहे, हे मी क्षणभरही विसरलेले नाही.

बाबा, खर्च विम्यात बसत नाही, तो मी माझ्या शिलकीतून केला आहे. कृपा करून जमिनीचा विषय काढू नका.

बीजे गुरुवारी सकाळी काढणार आहेत. भूल देणार असल्याने घरचे एक माणूस सोबत लागते. फॉर्मवर मी आईचे नाव लिहिले आहे. बुधवारी दुपारच्या एस.टी.ने निघालात तर संध्याकाळी स्वारगेटला घ्यायला येईन.

तुमची,
धाकटी