मॉलवरच्या अनोळखी सोबत्यांनो, आभार!

२० जानेवारी २००९. ओबामांच्या शपथविधीसाठी आम्ही मित्रमंडळी पहाटेपासून वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर उभे. (मॉल म्हणजे दुकानं नव्हेत, कॅपिटॉल या अमेरिकी संसदभवनासमोरचं लांबलचक मैदान.) पारा शून्याखाली, थर्मासमधला चहा केव्हाच संपलेला. शेजारच्या कृष्णवर्णीय आजींनी न विचारताच ब्लँकेटचं अर्धं टोक माझ्या खांद्यावर टाकलं. मित्राच्या लेकीला सोहळा दाखवणारा मोठा पडदा दिसेना, तर एका धिप्पाड काकांनी तिला चक्क खांद्यावर घेतलं! शपथ देताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स अडखळले, ओबामा थबकले. आजी माझा हात घट्ट धरून हसता हसता रडल्या. तुम्हा कुणाचीच नावं विचारायची राहिली. मनापासून आभार. आणि आजी, तुमचा एक हातमोजा माझ्याकडेच राहिलाय.