रविवारचा एक तास आमच्या लेकरांनाही द्या

महोदय,

गणपती जवळ आले, गावोगावी मंडळांच्या वर्गणीच्या बैठका सुरू झाल्या, म्हणून बौद्धिक दिव्यांग मुलांच्या खेळाबद्दल हे पत्र लिहिते आहे.

माझा धाकटा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच शिकायला-समजायला वेळ लागतो. लहानपणी शाळेच्या क्रीडादिनाला त्याला मांडवात खुर्चीवर बसवून हातात फुगा दिला होता. शर्यती आटोपल्या, लोक चहाकडे वळले, तेव्हा हा उठला आणि फक्कीच्या रेषेवरून एकटाच शेवटपर्यंत धावत गेला. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गणेश मंडळाच्या पोरांनी त्याला मैदानात घेतलं. कबड्डीचा सराव बघत तो रोज कडेला उभा राहायचा. त्यातला एक घरी आला आणि म्हणाला, "काकू, याले बी खेळू द्या ना जी." मला धास्तीच वाटली. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. म्हणून कोलांटउडी किंवा मानेला हिसका बसेल असा खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, हे मला माहीत होतं. पोरांनी नीट ऐकून घेतलं, चार ठिकाणी विचारलं आणि कबड्डीऐवजी बोची हा खेळ धरला.

आधी एक लहान पांढरा गोळा टाकायचा, मग दोन्ही बाजूंनी चार-चार मोठे चेंडू त्याच्या जितके जवळ जातील तितके न्यायचे. पडीक खळ्यावर साठ फूट लांब, बारा फूट रुंद पट्टा आखला. बचत गटाच्या बायांनी तो चोपून सारवून दिला. चेंडूंचे पैसे वर्गणीतून निघाले. माझा मुलगा चेंडू सोडण्याआधी तो सदऱ्याला पुसतो, त्यावर फुंकर घालतो, पुन्हा पुसतो. कोणी त्याला घाई करत नाही. आता शेजारच्या दोन गावांतूनही मुलं येतात. त्यातल्या एका मुलीची आई कापूस वेचायला जाताना बाहेरून कडी लावून जायची. दुसरा इलाजच नव्हता तिच्याजवळ. आज ती मुलगी रविवारी सकाळी सहालाच चप्पल घालून दारात बसते.

बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठीच्या स्पेशल ऑलिम्पिक्सच्या स्पर्धेत एक गोष्ट मला फार पटली. तिथे वय आणि मुलगा-मुलगी तर बघतातच, पण आधी चाचणी घेऊन साधारण सारख्या ताकदीच्या मुलांचे गट पाडतात. म्हणून हळू धावणाऱ्यालाही खरी चुरस मिळते. बर्लिनला २०२३ साली झालेल्या जागतिक स्पर्धेत भारताच्या खेळाडूंनी २०२ पदकं आणली, त्यांत ७६ सुवर्ण. आमच्या गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळाचं वेगळं कलम आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. मी एका ग्रामपंचायतीत त्याबद्दल विचारायला गेले, तर "तुमच्या पोराले खेळून काय करायचं आहे?" असं ऐकून परतले. त्या दिवशी बसस्टॉपवर रडले, हे लिहायला मला लाज नाही. या निधीतून चेंडू, बूट आणि स्पर्धेच्या प्रवासाचा खर्च व्हावा, अशी माझी मागणी आहे. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, हार घालून फोटो काढण्यापेक्षा तो पैसा मुलांच्या पायात दिसू द्या.

मंडळांना मात्र पैशाआधी माणसं मागते. तुमच्या गावात असं लेकरू कोणत्या घरात आहे ते तुम्हाला माहीत असतं. त्याच्या आईला जाऊन विचारा. आमचा चेंडूंचा संच बुधवारी रिकामा असतो. आर्वी तालुक्यातल्या कोणत्याही गावाने न्यावा, पट्टा आखायला आमची पोरं येतील.

एक आई,
ता. आर्वी, जि. वर्धा