गावातल्या हळदीचे परदेशी गिऱ्हाईक

महोदय,

समाजमाध्यमांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा अफवांबद्दल आणि मुलांच्या अभ्यासाच्या नुकसानीबद्दल असते, आणि ती चिंता रास्तच आहे. परंतु याच माध्यमांमुळे खेड्यातील उत्पादकाला परदेशातील गिऱ्हाइकाशी थेट बोलता येऊ लागले आहे आणि त्या बोलण्याचे रूपांतर विक्रीत व्हावे यासाठी गावपातळीवर काहीच आधार नाही, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावण्याचे कायदेशीर संरक्षण, मिळाले. मात्र पोत्यांत भरून गेलेली हळद पुढे कोणत्या नावाने विकली जाते, हे पिकवणाऱ्याला सहसा कळत नसे. आता व्हॉट्सॲपची व्यवसायासाठीची आवृत्ती, जी २०१८ मध्ये आली, वापरून मालाचे फोटो, वजन आणि दर मांडून ठेवता येतात आणि आखातात किंवा युरोपात स्थायिक झालेला माणूस ते पाहून थेट विचारणा करतो. आमच्या भागातील एका महिला बचत गटाला दुबईच्या खरेदीदाराने व्हिडिओ कॉलवर हळकुंड मोडून दाखवायला सांगितले. ते कट्कन तुटले, आतला गर्द केशरी रंग दिसला. मग हळद शिजवली कशी, किती दिवस वाळवली, पॉलिश करताना वरून रंग तर चढवला नाही ना, असे त्याने खोदून खोदून विचारले. हळदीला पिवळेपणा यावा म्हणून शिशाचे क्रोमेट हा विषारी रंग मिसळण्याचे प्रकार उघडकीस आल्यामुळे त्याची शंका वाजवीच होती, आणि ती फेडायला स्वतः हळद शिजवणाऱ्या बाईपेक्षा योग्य माणूस दुसरा कोण असणार? अडत्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, मोठा माल त्यांच्याशिवाय हलत नाही; पण अशी प्रश्नोत्तरे त्यांच्यामार्फत कधीच होत नसत.

अडचण येते ती यानंतर. आयात-निर्यात संकेतांक ऑनलाइन मिळतो, परंतु अन्नसुरक्षा परवाना, प्रयोगशाळेचा अहवाल, परकीय चलनासाठी बँकेची कागदपत्रे आणि सीमाशुल्काचे सोपस्कार यांची माहिती एका ठिकाणी देणारे तालुक्यात कोणी नाही. प्रत्येक कागदासाठी वर्धा-नागपूरच्या चकरा मारण्यात मजुरी बुडते आणि दरम्यान गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. टपालाने लहान पार्सल परदेशी पाठवण्यासाठी डाक विभागाने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत, पण गावात ती फारशा कोणाला ठाऊकच नाहीत. शिवाय शिवारात नेटवर्क मिळत नसल्याने आलेला संदेश रात्री घरी परतल्यावरच वाचला जातो.

फसवणुकीचा धोकाही मोठा आहे. परदेशी कंपनीचे नाव सांगून मोठ्या मागणीची लालूच दाखवायची आणि आधी नोंदणी शुल्क भरा म्हणायचे, हा प्रकार सर्रास चालतो. पैसे गेले की तो क्रमांक बंद होतो. खरा खरेदीदार माल विकत घेण्यासाठी विक्रेत्याकडूनच पैसे मागत नाही, एवढे जरी प्रत्येक बचत गटाला समजावून सांगितले तरी अनेकींची पुंजी वाचेल. तसेच वायगावचे नाव लावून भलतीच हळद विकली जाऊ नये यासाठी खऱ्या उत्पादकांची मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी झाली पाहिजे. ही नोंदणी शेतकऱ्याने स्वतःहून शोधून काढावी, अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

कृषी विभाग, डाक विभाग आणि बचत गटांसाठी काम करणारे राज्य सरकारचे ‘उमेद’ अभियान यांनी मिळून तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून किमान एक दिवस निर्यात मदतकक्ष चालवावा आणि येत्या हंगामातील हळद शिजवणी सुरू होण्यापूर्वी तो उघडावा, ही विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावी.

आपला नम्र,
एक हळद उत्पादक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा