थरथरणारे हँडल आणि ‘चालकाचे नियंत्रण सुटले’

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

महामार्गावर दुसऱ्या कोणत्याही वाहनाची धडक न बसता दुचाकी उलटली, की ‘भरधाव दुचाकीवरील चालकाचे नियंत्रण सुटले’ हे वाक्य आपल्याकडच्या सर्वच वृत्तपत्रांत छापून येते आणि ते वाचल्यावर पुढे काही विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. नियंत्रण का सुटले, हा प्रश्न तेथेच राहून जातो. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक, म्हणजे कार्यशाळेतला प्रशिक्षक, म्हणून 27 वर्षे काम करून निवृत्त झालो असून लांब पल्ल्याचा मोटारसायकल प्रवास हा माझा जुना छंद आहे. प्रत्येक वेळी दोष गाडीचाच असतो, असे माझे म्हणणे नाही. परंतु सामान लादून लांबच्या प्रवासाला निघालेली मोटारसायकल अस्थिर होते तेव्हा त्यामागे बहुधा शोधता येण्याजोगे आणि पुष्कळदा थोडक्या खर्चात दुरुस्त होणारे कारण असते, हे स्वानुभवाने सांगावेसे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात मी आणि पत्नी पचमढीहून नागपूरला परतत होतो. छिंदवाडा मागे टाकून सिल्लेवानी घाट उतरलो आणि सौंसरच्या अलीकडे सरळ रस्ता लागला. वेग ताशी 65 किलोमीटरच्या आसपास असेल. मी ॲक्सिलेटर सोडला आणि हेल्मेटची काच वर करण्यासाठी डावा हात उचलला, तोच हँडल डावीउजवीकडे इतक्या जोराने थरथरू लागले की मागे बसलेल्या पत्नीने माझे खांदे घट्ट धरले. सुदैवाने मागून वाहन येत नव्हते आणि वेग उतरल्यावर थरथर आपोआप थांबली. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला ताशी 80 किलोमीटरची मुभा आहे, त्या मानाने आमचा वेग काही फार नव्हता. त्या क्षणी आम्ही पडलो असतो, तर बातमीत मात्र ‘भरधाव’ हा शब्द नक्कीच आला असता.

नागपूरला आल्यावर गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. तेथे पुढचा टायर झिजला असल्याचे सांगून तो बदलण्यात आला आणि महिनाभर गाडी नीट चालली. त्यानंतर थरथर पुन्हा सुरू झाली, तेव्हा हँडलखालचा कोन सेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरते ती बेअरिंगे, आवळून देण्यात आला. थरथर थांबली, पण आता गाडी वेगळ्याच तऱ्हेने वागू लागली; सीताबर्डीच्या गर्दीत हळू चालवताना हँडल स्वतःहून सरळ होईना आणि दर दोन हातांवर दुरुस्ती करत गाडी न्यावी लागे. तिसऱ्या खेपेस हँडलला थरथर शोषून घेणारा डॅम्पर बसवून घेण्याचा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही, कारण तोपर्यंत मूळ कारण कोणी शोधलेच नव्हते. टायर झिजलेला होता, हे खरेच होते. परंतु नव्या टायरामुळे खरा दोष महिनाभर झाकला गेला, एवढेच झाले.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तो ध्यानात न घेतल्यामुळेच निम्मी दुरुस्ती चुकीच्या जागी होते. पहिल्या प्रकारात फक्त हँडल आणि पुढचे चाक थरथरते, सेकंदाला साधारण 4 ते 10 वेळा, आणि बहुधा ताशी 60 ते 80 किलोमीटरच्या दरम्यान वेग उतरताना. अशा वेळी पुढचा टायर, पुढच्या चाकाचा समतोल आणि कोन सेट यांच्याकडे पाहावे. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण गाडी सावकाश, सेकंदाला 2 ते 4 वेळा, नागमोडी डोलते. हे अधिक वेगात, विशेषतः मागे सामान असताना जाणवते आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा मागच्या बाजूस, म्हणजे चिमट्याचे (मागचे चाक धरून ठेवणाऱ्या भागाचे) बुश, मागचा टायर, शॉकअप किंवा सामानाची मांडणी यांत असते. गॅरेजवाल्याला नुसते ‘गाडी हलते’ असे न सांगता काय हलते, किती वेगाला हलते, ॲक्सिलेटर दिल्यावर की सोडल्यावर, एकटे असताना की मागे कोणी बसल्यावर, एवढे सांगितले तरी त्याचे काम अर्धे हलके होते.

माझ्या गाडीचा दोष शेवटी कोन सेटमध्येच सापडला, पण तो ढिला होता म्हणून नव्हे. मेन स्टँडवर गाडी घेऊन इंजिनाखाली जॅक लावला, पुढचे चाक अधांतरी केले आणि दोन बोटांनी हँडल हळूहळू फिरवले, तेव्हा ते सरळ रेषेत आले की किंचित अडकून बसत असे, जणू तेथे खाच पडली आहे. आणि खरोखरच खाच पडली होती. मोटारसायकलचे हँडल आयुष्यातला बहुतांश काळ सरळच असते. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा आघात बेअरिंगमधल्या त्याच गोळ्या त्याच जागी सोसतात आणि रेसवर, म्हणजे गोळ्या ज्यांत फिरतात त्या कड्यांवर, त्यांचे ठसे उमटतात. त्यात वॉशिंग सेंटरवर जोरदार पाण्याचा फवारा थेट हँडलच्या बुडाशी मारला जातो, ग्रीस धुऊन निघते आणि गंज चढू लागतो. अशा कोन सेटला आवळणे म्हणजे दुखणे दाबून ठेवणे होय. खाच पडल्यावर वरची आणि खालची दोन्ही बेअरिंगे, रेससह, बदलावीच लागतात, नुसत्या गोळ्या बदलून भागत नाही. नवा सेट बसवताना नट कंपनीने दिलेल्या मापानेच आवळावा आणि साधारण हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासून घ्यावा, कारण रेस आपल्या जागी बसल्या की थोडी ढिलाई येते. ढिलाई ओळखणेही सोपे आहे: अधांतरी चाकासमोर बसून फोर्कची खालची टोके धरावीत आणि पुढेमागे ओढावीत, ‘टक’ असा आवाज हाताला जाणवला तर कोन सेट ढिला आहे. या दोन तपासण्यांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत. मला मात्र त्यासाठी दोन महिने आणि गॅरेजच्या तीन फेऱ्या लागल्या, आणि शेवटी झालेला खर्च एका नव्या टायराहून कमी होता.

चिमट्याची तपासणीही अशीच होते. मागचे चाक उचलून आडवे हलवले असता चिमट्यापाशी खेळ जाणवला, तर बुश संपलेले असतात. चाकांची बेअरिंगे, स्पोकांचा ताण आणि रिमचा आउट, म्हणजे फिरताना रिम किती डुलते ते, पाहून घ्यावा. आउट 2 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा, असे बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या नसतील, तर मागचे चाक तिरके बसते आणि गाडी एका अंगाला ओढते.

हवेच्या दाबाविषयी मात्र नागपूरकरांना थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. पारा 45 अंशांवर गेला की टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 30 पीएसआय भरलेल्या टायरात तापमान 10 अंशांनी वाढले, तर दाब दीड पीएसआयच्या आसपास वाढतो, आणि टायर बनवताना ही वाढ गृहीत धरलेलीच असते. पण हवा कमी असलेल्या टायराच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्यामुळे तो अधिक तापतो आणि वळणावर गाडीला घट्ट धरूनही ठेवू शकत नाही. हवा सकाळी, गाडी काढण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी आणि दोघांच्या प्रवासासाठी पुस्तिकेत दिलेला मागच्या टायराचा वाढीव दाब भरावा. तापलेल्या टायरातून हवा कधीही सोडू नये. शिवाय आपल्या शहरातील खरबरीत सिमेंट रस्त्यांवर सरळ धावून टायरचा मधला भाग सपाट होतो; वरवर पाहता नक्षी शिल्लक दिसते, पण गाडी कलताना टायर त्या सपाट भागाच्या कडेवर चढतो आणि हँडल दचकते. सिमेंट रस्त्याच्या लांबीच्या दिशेने जाणारे जोड आणि पेव्हिंग ब्लॉकच्या कडा यांवरही चाक ओढले जाते. तेच वागणे डांबरी रस्त्यावर नाहीसे होत असेल, तर दोष कोन सेटमध्ये शोधण्याआधी टायराकडे पाहावे. टायरावरील चार आकडे त्याचे वय सांगतात. 2321 याचा अर्थ 2021 सालचा 23 वा आठवडा.

सामानाची मांडणी हा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे आणि त्यावर आमच्या प्रवासी मित्रांशी माझा नेहमी वाद होतो. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नसल्यामुळे आपण जुन्याच महामार्गांनी जातो, तंबू, कपडे आणि खाण्याचे सामान घेऊन जातो आणि सगळे मागच्या टॉप बॉक्समध्ये कोंबतो. दोन चाकांतील अंतर 140 सेंटिमीटर असलेल्या गाडीवर मागच्या आसाच्या 30 सेंटिमीटर मागे 12 किलोची पेटी ठेवली, तर पुढच्या चाकावरचा भार सुमारे अडीच किलोने कमी होतो. हा आकडा लहान वाटतो आणि मित्र तोच मला दाखवतात. परंतु खरा परिणाम भाराच्या या वाटपाचा नसून अंतराचा आहे. गाडीच्या गुरुत्वमध्यापासून वजन जितके दूर, तितका त्याचा झुलवण्याचा परिणाम अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेच 12 किलो दोन बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि निम्म्या अंतरावर आणले तर हा परिणाम एक चतुर्थांश उरतो. टॉप बॉक्सवर कंपनीने छापलेली वजनाची मर्यादा आपण सूचना म्हणून वाचतच नाही. जड वस्तू पुढे व खाली, हलके कपडे वर, आणि मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, सी-पान्याने वाढवलेला, एवढ्याने गाडीच्या वागण्यात पडणारा फरक मी स्वतः अनुभवला आहे.

डॅम्परचा उपयोग काही गाड्यांत योग्यच असतो, पण खराब बेअरिंगवर तो पडदा टाकतो. थरथर सुरू झालीच तर हँडल आवळून धरू नये आणि जोरात ब्रेकही मारू नये. गुडघ्यांनी टाकी धरावी, अंग किंचित पुढे झुकवावे, ॲक्सिलेटर हळुवारपणे सोडून वेग आपोआप उतरू द्यावा.

आपल्या माध्यमातून प्रशासनाकडे माझी एक विनंती आहे. गाडीच्या धुराची तपासणी नियमित होते आणि त्याचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे लागते. पण खासगी दुचाकीचे कोन सेट, चिमटा आणि चाके 15 वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत कोणीही अधिकृतरीत्या तपासत नाही. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असते, हेल्मेटचे महत्त्व सांगितले जाते आणि ते सांगितलेच पाहिजे. त्याच अभियानात अमरावती, वर्धा आणि जबलपूर मार्गांच्या नागपुरातील तोंडाशी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांनी, निदेशकांच्या देखरेखीखाली, लांबच्या प्रवासाला निघालेल्या दुचाकींचे चाक उचलून कोन सेट, चिमटा, रिम आणि हवा पाहून द्यावी. एका गाडीला दहा मिनिटे पुरतात, आणि जॅक, दाबमापक व काही पाने यांपलीकडे साहित्यही लागत नाही. विद्यार्थ्यांना हाताने खाच ओळखण्याचा जो सराव त्यातून मिळेल, तो वर्गातल्या एका कापलेल्या बेअरिंगवर मिळत नाही. असे शिबिर ठरल्यास विद्यार्थ्यांना ही तपासणी शिकवण्यासाठी मी विनामोबदला यायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
नागपूर