माझा कांदा सीमेवर सडला, मंत्रिमहोदय

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,
सविनय नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातला कांदा व्यापारी. अठरा वर्षं नेपाळला माल पाठवतो. गेल्या महिन्यात माझी पंचवीस टनांची गाडी सीमेच्या अलीकडे नऊ दिवस उभी राहिली. एका कागदावर शिक्का राहिला होता, आणि तो कोणी मारायचा हे कोणी सांगेना. सातव्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, गोणी के नीचे से पानी टपक रहा है।" उन्हाळ कांदा होता, साहेब, टिकणारा. आमच्या खळ्यावरच्या बायकांनी गोल्टी म्हणजे बारीक कांदा आणि जोड कांदा वेगळा काढून हातानं निवडलेला. पलीकडे बीरगंजला गाडी उघडली तेव्हा निम्म्याहून जास्त माल गेला होता. लाखाच्या वर भाडं, हमाली, गोण्या सगळं माझ्या डोक्यावर. शेतकऱ्याचे पैसे मी चुकते केले, कारण त्याच्याशी उद्याही मला बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, हे कस्टमचं काम, वाणिज्य खात्याचं काम. नेमकं हेच मला पटत नाही. नेपाळला समुद्र नाही. तीन बाजूंनी आपण, उत्तरेला हिमालय. त्यांचं बंदर म्हणजे आपलं कोलकाता, नाहीतर विशाखापट्टणम. अशा भूवेष्टित शेजाऱ्याशी आपलं धोरण काय आहे हे त्याला दिल्लीतल्या भाषणातून कळत नाही, बिहारातल्या रक्सौलच्या सीमेवरच्या फाटकावर कळतं. फाटक उघडं की मैत्री, बंद की राग.

आणि आपण ते याआधी बंद केलेलं आहे. 1989 मध्ये व्यापाराचे आणि पारगमनाचे, म्हणजे आपल्या भूमीतून त्यांचा माल जाऊ देण्याचे, करार संपले, तेव्हा दोन नाकी सोडून बाकी सगळी बंद झाली. 2015 मध्ये तर एप्रिलच्या भूकंपातून तो देश उठत होता. सप्टेंबरात त्यांची राज्यघटना आली आणि गाड्या थांबल्या. आपलं सरकार म्हणालं, नाकेबंदी आम्ही केलेली नाही, त्या राज्यघटनेवर नाराज असलेल्या, नेपाळच्या तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळे पलीकडे जाणं सुरक्षित नाही. आंदोलक पुलावर बसले होते, हे खरंच. पण काठमांडूतल्या ज्या बाईनं गॅस नसल्यानं चार महिने लाकडावर भात शिजवला, तिनं दोष कोणाला दिला असेल? मार्च 2016 मध्ये त्यांचे पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि चीनशी पारगमन करार करून आले. चीनची बंदरं त्यांना हजारो किलोमीटर लांब पडतात. तरीही केला. माणूस इतक्या लांबचा रस्ता हौसेनं शोधत नाही.

चांगलंही झालं, ते नाकारत नाही. रक्सौल-बीरगंजचं चेकपोस्ट झालं, 2019 मध्ये मोतिहारी-अमलेखगंज तेलवाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी नेपाळनं भाज्यांची कीटकनाशक तपासणी लावली, गाड्या अडल्या, तेव्हा आपल्या दूतावासानं पत्र लिहिलं आणि तपासणी मागे घेतली गेली. म्हणजे हलायचं ठरवलं की तुमचं खातं कांद्या-बटाट्यासाठीही हलतं.

मग डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा कुठे होतं? एप्रिल 2024 मध्ये सरकारनं सहा देशांसाठी 99,150 टनांची परवानगी जाहीर केली. बांगलादेश, अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस, श्रीलंका. नेपाळ नाही! ज्या देशाच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं आमचाच कांदा चिरला जातो, तो यादीत नाही. तिकडच्या बाजारात चिनी कांदा पोचला. माझा माल घेणारे बीरगंजचे व्यापारी साहूजी तेव्हा एवढंच म्हणाले, "शेठ, तुमच्यावर भरवसा आहे, तुमच्या सरकारवर नाही." अठरा वर्षांच्या ओळखीत मला उत्तर सुचलं नाही असं ते एकदाच.

शहरात भाव चढला की दिल्लीला घाम फुटतो, आणि आमच्या साठवणीच्या चाळीत कांदा पाच रुपयांनी सडतो तेव्हा सगळी खाती झोपलेली असतात. हे तुमच्या एकट्याचं नाही, मला माहीत आहे. निवडणूक एका खात्याची, अधिसूचना दुसऱ्याची, शिक्का तिसऱ्याचा, नुकसान मात्र नेहमी आमचंच. आणि शेजाऱ्याच्या मनात जी अढी बसते, ती कुठल्या खात्याच्या वहीत लिहितात?

मला भरपाई नको. नाशवंत मालाची गाडी चोवीस तासांत एकतर सोडा नाहीतर परत पाठवा. बंदी घालायचीच असेल तर समुद्र नसलेल्या शेजाऱ्यांचा वाटा आधीच बाजूला काढा. भूतानला दिला, तसा नेपाळलाही. आणि बंदीच्या आधी निघालेली गाडी वाटेत अडवू नका.

साहूजींना मी या आठवड्यात तीनदा फोन लावला. पुढची गाडी कधी भरू, एवढंच विचारायचं आहे. ते उचलत नाहीत.

आपला,
नाशिक जिल्ह्यातील एक कांदा व्यापारी