गोगलगायींचा जिवंत संग्रह हवा

महोदय,
माझे माहेर गुहागर तालुक्यातले. त्याच तालुक्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याच्या शिस्टोसोमियासिस या कृमींमुळे होणाऱ्या आजाराची नोंद १९५२ साली झाली. ठाण्यात राहणाऱ्या आम्हा कोकणवासीयांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? या कृमीला वाढायला गोड्या पाण्यातली गोगलगाय लागतेच; तिच्यातून सुटलेल्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. म्हणूनच संशोधनाला दोन्ही जीव जिवंत लागतात. अमेरिकेत रॉकव्हिल येथील एक संस्था ते सांभाळून संशोधकांना पुरवते. लस अजून नाही, भिस्त प्राझिक्वांटेल या औषधावरच. आपल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी निदान कोकणातल्या गोगलगायी तरी ओळखून, पाळून ठेवाव्यात. सुरुवात ठाण्यातल्या तलावांपासून करता येईल.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे